गल्ली ओलांडणारी गाडी

दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात, मी चौकसपणा म्हणते. जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले. तिथे चौकस नसते तर निम्मी पाकिटं चुकीच्या साहेबाकडे गेली असती. आता निवृत्त होऊन शनिवार पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसते आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे फ्रीज आला याची नोंद डोक्यात ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, पण कुणीतरी ठेवायला नको का?

तर अशा बाईला, तिच्याच दारात उभ्या असलेल्या तिच्याच गाडीचं काय करायचं ते सुचेनासं झालं. ठेवावी की विकावी?

गाडी घेतली वाघोलीसाठी. आमची एकुलती एक लेक लग्न झाल्यापासून तिकडे राहते. इथून वाघोलीला जायचं म्हणजे रिक्षावाल्याच्या दाढीला हात लावायचा. "तिकडनं परतीचं भाडं मिळत नाही ओ." बसने जावं तर नगर रस्त्यावर बस माणसासारखी उसासे टाकत उभी. यांचं म्हणणं, आता हातपाय चालतायत तोवर एक छोटी गाडी घेऊ, मनात आलं की लेकीकडे जाऊ, तिला वाटलं की तिला आणू. यांनी उभा जन्म स्कूटर चालवली. परवाना होता, पण गाडीची सवय मोडली होती, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरासोरांच्या रांगेत बसून पुन्हा शिकले. दसऱ्याला गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते फुटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गल्लीत पेढे वाटले. शोरूममधून घरापर्यंत लेकीनेच चालवत आणली. तिचा हात गाडीवर यांच्यापेक्षा साफ आहे. शेजारी बसलेल्या बाबांना ती सारखं म्हणत होती, "बाबा, उगाच घेतलीत हो. पार्किंगचा विचार केलात का?" हे खिडकीतून बाहेर बघत हसत होते.

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघं वाघोलीला गेलो. तेवढंच एकदा. नगर रस्त्यावर मागे एक खासगी बस लागली आणि तिने हॉर्नचा असा काही भडिमार केला की मी पदर कानांवर घेतला. हे ढिम्म. बाजू देणार नाहीत, वळून बघणार नाहीत. शेवटी ती बस घासूनच पुढे गेली आणि क्लीनरने दारात लोंबकळत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे समोर बघून चालवतायत. मला तर अभिमानच वाटला. म्हटलं, याला म्हणतात पुणेरी थंडपणा! घरी येऊन मी ही गोष्ट सगळ्या मजल्यांवर सांगितली. हे मात्र त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

परत येतो तो आमची जागा गेलेली. तिथे कुणाची तरी दुसरीच गाडी, आरशाला मिरच्या-लिंबू लावून ऐटीत उभी. आम्हाला गाडी पार नदीपात्रातल्या रस्त्यावर लावून चालत यावं लागलं. त्या दिवसापासून यांचं वाक्य ठरलं: "गाडी काढली की जागा जाईल."

पुण्याबाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पेठेत राहणाऱ्याला वाटणार नाही. इथे दारापुढची जागा म्हणजे इस्टेट. आमच्या मजल्यावरच्या बाईंचा भाऊ आजारी होता तेव्हा त्या रिक्षाने गेल्या, स्वतःची गाडी खाली असून. का? जागा जाईल. कुणीही त्यांना वेडं म्हटलं नाही. मीही यांना म्हटलं नाही. आम्ही रिक्षा करून भाजी आणायला जायचो आणि गाडी जागा राखत बसायची.

बरं, तीही एका जागी बसायची नाही. आमच्या गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग आहे. सम तारखेला समोरच्या बाजूला, विषम तारखेला आपल्या. चुकलं की उचलून नेणारा ट्रक हजर. त्यामुळे रोज सकाळी हे चहा घेऊन खाली उतरायचे, गाडी चालू करायचे आणि गल्ली ओलांडायचे. एवढाच आमचा प्रवास. एकतीस आणि एक या लागोपाठ विषम तारखा आल्या की गल्लीतल्या गाडीवाल्यांना सुट्टी. तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे, तिचे मालक मला म्हणायचे, "काकू, आज साहेब परदेशात गेले का स्वदेशी आहेत?" या माणसाला उत्तर द्यायचं नाही असं मी रोज ठरवते आणि रोज देते.

पण माझा खरा चौकसपणा चाळवला तो पुढच्या गोष्टीने. गाडी लावून झाली की हे उतरायचे नाहीत. काचा बंद करून आत बसायचे. अर्धा तास, कधी तासभर. गॅलरीतून मला फक्त गाडीचं टप दिसायचं. आता घरात खुर्ची आहे, पंखा आहे, वर्तमानपत्र आहे, मी आहे. मग गाडीत काय आहे?

एकदा कढीपत्ता आणायचं निमित्त करून खाली गेले. गाडीजवळून जाताना मान न वळवता डोळे वळवले. हे डोळे मिटून बसलेले, बोटांनी स्टिअरिंगवर ठेका चालू. माझी सावली पडली तसे दचकले आणि पुढ्यातलं बटण दाबलं. काच खाली करून मलाच विचारतात, "काय?"

"काय काय? तुम्ही काय करताय?"

"बॅटरी उतरू नये म्हणून चालू ठेवली होती," म्हणाले, आणि काच वर.

मी कढीपत्ता न घेताच वर आले. डोक्यात भुंगा सुरू.

दिवाळीनंतर मात्र घरात जे झालं, त्यानंतर मला भुंगा-बिंगा काही सुचलं नाही. लेक एका दुपारी एकटीच आली. चेहरा उतरलेला. मी पानं घेतली. खाली गिरणी घरघरत होती, वर पंखा. ती यांच्या समोर बसली, दोन घास खाल्ले, आणि पानाकडे बघतच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आम्ही वेगळे झालोय. तो बंगळूरला निघून गेला. आता परत येणार नाही. मी एकटीच आहे तिथे."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हिचा संसार मोडतोय आणि मला, मला, कानोकान खबर नाही! मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, बाप आहे, आता काहीतरी बोलेल. यांनी भात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाले, "आमटीला मीठ कमी आहे."

लेक उठली. हात धुतला, पर्स घेतली. मी जिन्यापर्यंत मागे धावले. ती म्हणाली, "आई, तू मध्ये पडू नकोस. मला उत्तर मिळालंय." आणि गेली. त्यानंतर या घरात तिने पाऊल ठेवलं नाही. मला फोन करायची, तेही मोजकं. बाबांचं नाव काढलं की, "ठेवते."

आता यांचा स्वभाव मला लग्नापासून माहीत. तिरकस बोलणं हा यांचा जन्मसिद्ध हक्क. हल्ली तर जास्तच. टीव्ही सोडला, म्हणे सगळा मूर्खपणा. गाण्याच्या बैठकींना जाणं सोडलं, म्हणे आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही. फोन उचलत नाहीत, म्हणे काम असेल तर माणसाने समोर यावं. लोक वर कौतुक करायचे, "साहेबांनी मोह सोडले!" पण पोटच्या पोरीच्या दुःखावर मीठ कमी? राग माझ्या डोक्यात गेला. त्या संध्याकाळी यांनी वर मला विचारलं, "ती लवकर का गेली?" म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली! मी उत्तर दिलं नाही आणि त्या क्षणापासून अबोला धरला.

आमच्या घरी अबोल्याची रीत ठरलेली आहे. चहा आदळायचा. भाजी त्यांच्या नावडीची करायची. निरोप द्यायचाच झाला तर भिंतीकडे बघून द्यायचा. आणि जो आधी बोलेल तो हरला. एरवी चार-पाच दिवसांत हे नरमतात आणि गरीब गाईसारखं तोंड करून "आज गजरा आणू का?" विचारतात. यावेळी आठवडे गेले तरी ढिम्म. आदळलेला चहा गुपचूप प्यायचे. कारल्याची भाजी खायचे. मीच आतून पिचत होते, पण हरायला मी तयार नव्हते.

आणि मग एका सकाळी गाडीतून वर आले आणि म्हणाले, "गाडी विकून टाकू या."

मी तर कधीची पस्तावले होते. ज्या वाघोलीसाठी गाडी घेतली तिथे जायचं तोंड उरलं नव्हतं. रोज गॅलरीतून ते टप बघितलं की जीव जळायचा. पण विकायची म्हटल्यावर ती सोडवेना. गाडी विकली म्हणजे लेकीकडे जायचा विषयच मिटला. म्हणजे यांनी मिटवला. आणि का? कारण काय? अबोला असल्यामुळे विचारताही येईना. चौकस बाईने अबोला धरू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

गिरणीवाल्यांनी लगेच गिऱ्हाईक आणलं. लोणी काळभोरचा एक तरुण शेतकरी, गिरणीवर गहू घालणारा. आला, गाडीभोवती फेरी मारली. "काकू, गाडी तर एकदम नवीकोरी हाय की. का इकताय?"

"यांना विचारा," मी म्हटलं. मलाही ऐकायचं होतं.

हे मागच्या चाकाशी ओणवे झाले होते. "हे बघा, टायरचे केससुद्धा अजून गेलेले नाहीत," असं सांगत रबरावरच्या त्या बारीक काड्या दाखवत होते. तो म्हणाला, जरा चालू करून बघतो, आणि आत बसून किल्ली फिरवली.

जो काही आवाज झाला! एका बाईंचा ख्याल, तानेच्या ऐन मध्यात, अख्ख्या गल्लीवर कोसळला. दारं उघडी, काचा खाली. वळचणीची कबुतरं उडाली, गिरणीवाले पिठाच्या हातांनी बाहेर धावत आले, समोरच्या गॅलरीतलं कुणीतरी ओरडलं. तो बिचारा कानावर हात ठेवून बटण शोधतोय. आणि हे?

हे चाकाशी ओणवेच. दचकले नाहीत की मान वर केली नाही. "स्टेपनी तर अजून जमिनीला लागलेलीसुद्धा नाही," टायरला सांगत होते.

आवाज बंद झाला. मी यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. अगदी साध्या आवाजात म्हटलं, "अहो, तुमच्या डोक्यावर कबुतर बसलंय."

काही नाही. टायरवर हात फिरवत होते.

गिरणीवाले माझ्याकडे बघायला लागले. त्यांनाही कळलं. मला आधी आला तो राग. इतका की यांना तिथेच गदागदा हलवावं. माझ्यापासून लपवलं? गल्लीतली प्रत्येक गोष्ट जिला माहीत असते त्या माझ्यापासून? मग ती नगर रस्त्यावरची बस, टीव्ही, बैठका, फोन, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं, आणि शेवटी ते आमटीचं ताट आलं.

"यांना चहा पाजा," मी गिरणीवाल्यांना गिऱ्हाइकाकडे बोट करून सांगितलं. यांचा दंड धरला, गाडीत बसवलं आणि पलीकडून मी बसले.

"दार लावून घे," हे म्हणाले. "काचा पण."

काचा वर गेल्या आणि गिरणी, हॉर्न, भाजीवाला, सगळं बाहेर राहिलं. मी विचारलं, "कधीपासून?"

हे समोर बघत राहिले. मला वाटलं, तेही ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "वर्ष होऊन गेलं. इथे येतं ऐकू. बाहेरचं बंद होतं ना, तुझं तेवढंच उरतं. गाणं ऐकायला येऊन बसतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कानाला मशीन लावलं की लोक आपल्याशी कुकुल्या बाळासारखं बोलतात. तू आधी बोलशील."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. "मी कधीची तुमच्याशी बोलत नाहीये, ते तरी कळलं का?"

हे झटकन माझ्याकडे वळले. "तू बोलत नाहीयेस?" चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू, चक्क सुटका झाल्यासारखं. "मला वाटलं, माझं आणखी बिघडलं. मी डॉक्टरकडे जायला घाबरत होतो."

हसू की रडू कळेना. मी पदराने नाक पुसलं. "आणि गाडी का विकताय?"

"तिला पसंत नाही म्हणून," हे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून नाही म्हणते. त्या दिवशी जेवताना तेच सांगत होती ना? ती काहीतरी बोलली, तू डोळे मोठे केलेस, मग ती निघून गेली. तेव्हापासून आली नाही. गाडी गेली की येईल. नाही का?"

म्हणजे हा माणूस रोज गल्ली ओलांडून इथे बसून हा हिशोब लावत होता. मी तोंड उघडलं. सांगणारच होते, पण जीभ रेटेना. जे लेकीने मोठ्या मुश्किलीने बापाला सांगितलं होतं, ते माझ्या तोंडून त्याच्या कानावर पडणं बरं दिसेना. जन्मात पहिल्यांदा मला एक बातमी माहीत होती आणि ती मी सांगितली नाही.

माझा फोन लेकीनेच या गाडीला जोडून ठेवला होता. मी तिचं नाव दाबलं. गाडीभर घंटी वाजायला लागली.

"हं आई, बोल." तिचा आवाज चारी बाजूंनी आला. हे खडबडून सरळ बसले. मग पुढ्यातल्या स्पीकरच्या जाळीकडे बघत म्हणाले, "आई नाही. मी आहे."

पलीकडून घाबरून, "बाबा? तुम्ही फोनवर? आईला काय झालं?"

"तिला काय होतंय! शेजारी बसलीये. अगं, त्या दिवशी जेवताना तू काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही मला. कान गेलेत. आईलासुद्धा आत्ता कळलं. इथे गाडीत येतं. काय म्हणालीस ते परत सांग."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. तो लोणी काळभोरचा, चहाचा कप हातात घेऊन, भुवयांनीच विचारत होता, काय ठरलं? मी हात हलवून सांगितलं, नाही, विकायची नाही. यांना विचारलंसुद्धा नाही. तो मान डोलावून गेला.

मग लेकीने सांगितलं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. वेगळे झालोय, तो बंगळूरला गेला, परत येणार नाही. "मी एकटीच आहे इथे, बाबा."

यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच घट्ट झाले. "दिवाळीपासून?"

"त्याच्या आधीपासून." आणि मग एकदम चिडून, "तुम्ही म्हणालात, आमटीला मीठ कमी आहे."

"ते कमी होतंच," हे म्हणाले. "पण ते आईला म्हटलं होतं." आणि मग आवाज फाटला. "तुला म्हणायचं ते राहिलंच की गं. मीच आलो असतो आत्ता. पण मागचा हॉर्न कळत नाही मला, कुणाचा तरी जीव जाईल. तू ये. इकडेच ये राहायला. आणि ही गाडी तू चालव."

ती हसल्यासारखं काहीतरी करायला गेली आणि ते हसू मध्येच मोडलं. पुढचं लांबून, अस्पष्ट यायला लागलं. तिने तोंडापासून फोन दूर नेला होता.

हे पुढे झुकले, पार त्या जाळीला कान लागेपर्यंत.

"फोन लांब धरू नकोस, बाळा," ते म्हणाले. "रड तू. मला ऐकू येतंय."